मसल कारमधील मूळ कारखानानिर्मित पर्यायांची पडताळणी

मसल कारमधील मूळ पर्यायांची पडताळणी म्हणजे १९६० आणि १९७० च्या दशकांतील शक्तिशाली अमेरिकन मोटारगाडीवर दिसणारे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, रंग व इतर साधने कारखान्यातच बसवली गेली होती की नंतर कोणी बसवली, हे पुराव्यांच्या आधारे ठरवण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत वाहन ओळख क्रमांक, बॉडीवरील पत्र्याच्या पट्ट्या, इंजिन व गिअरबॉक्सवरील शिक्के, सुट्या भागांच्या ओतकामाच्या तारखा आणि कारखान्याची कागदपत्रे यांची एकमेकांशी तुलना केली जाते. एका मॉडेलच्या साध्या आणि दुर्मीळ आवृत्तीच्या किमतीत प्रचंड तफावत असल्यामुळे संग्राहक, लिलाव संस्था, विमा कंपन्या आणि मोटार इतिहासाचे अभ्यासक या पडताळणीला महत्त्व देतात.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि तुलनेने स्वस्त गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेल्या अमेरिकन गाडीला सर्वसाधारणपणे मसल कार म्हणतात. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओ या गाडीपासून या प्रकाराची लाट सुरू झाली असे मानले जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रदूषणाचे कडक नियम, वाढते विमा हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे ही लाट ओसरली.

त्या काळात या गाड्या तरुण ग्राहकांसाठीच्या रोजच्या वापरातील वस्तू होत्या. शर्यतीत इंजिन फुटले की दुसरे बसवले जाई आणि जुने भंगारात जाई. गाडीसोबत आलेली कागदपत्रे जपून ठेवण्याचे कोणाला कारण वाटले नाही. पुढे याच गाड्या संग्राहकांच्या वस्तू बनल्या आणि किमती वाढल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील लिलावात १९७१ ची हेमी इंजिन असलेली, उघड्या छताची प्लिमथ कुडा ३५ लाख डॉलरला विकली गेली. तिच्यासारखीच दिसणारी, पण साध्या इंजिनाची गाडी या रकमेच्या अल्पांशालाच मिळते. बाहेरून दोन्ही गाड्यांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो कारखान्यातून कोणती गाडी कशी बाहेर पडली या प्रश्नाच्या उत्तराने.

पर्यायांची पद्धत

त्या काळी अमेरिकेत ग्राहक विक्रेत्याकडे जाऊन गाडीची मागणी नोंदवत असे. मूळ गाडीची किंमत ठरलेली असे आणि त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिओ, आसनांचे कापड असे अनेक पर्याय वेगळी रक्कम भरून निवडता येत. प्रत्येक पर्यायाला कारखान्याचा एक संकेतांक असे. जनरल मोटर्समध्ये हे संकेतांक तीन अक्षरांकांचे होते. उदाहरणार्थ, शेवरलेच्या गाड्यांत एल७८ म्हणजे ३७५ अश्वशक्तीचे ३९६ घन इंचाचे इंजिन, एम२१ म्हणजे जवळच्या गुणोत्तरांचा चार गतींचा गिअरबॉक्स आणि जे५२ म्हणजे पुढील डिस्क ब्रेक. शेवरले कमारोच्या प्रसिद्ध झेड/२८ या आवृत्तीचे नाव हाही मुळात असाच एक संकेतांक होता.

यादीत नसलेल्या गोष्टींसाठी मोठ्या विक्रेत्यांना विशेष मागणी नोंदवता येई. शेवरलेमध्ये ही सोय प्रामुख्याने पोलीस दले, टॅक्सी कंपन्या आणि मालवाहतूकदार यांच्यासाठी होती. १९६९ मध्ये काही विक्रेत्यांनी याच मार्गाने कमारोत ४२७ घन इंचाची इंजिने बसवून घेतली. त्यांपैकी पूर्णतः अ‍ॅल्युमिनियमच्या झेडएल१ इंजिनाच्या केवळ ६९ कमारो तयार झाल्या. त्या इंजिनासाठीच ४,००० डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागे. अशा गाड्यांवर बहुतेक वेळा बाहेरून कोणतेही विशेष चिन्ह नसे. त्यामुळे अशी गाडी ओळखणे आणि तिची नक्कल उघड करणे या दोन्ही गोष्टी अवघड ठरतात.

वाहन ओळख क्रमांक

पडताळणीची सुरुवात वाहन ओळख क्रमांकापासून होते. आज प्रचलित असलेला १७ अक्षरांकांचा प्रमाणित क्रमांक १९८१ पासून लागू झाला. त्यापूर्वी प्रत्येक उत्पादकाची स्वतःची पद्धत होती. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरचा क्रमांक १३ अक्षरांकांचा, तर फोर्डचा ११ अक्षरांकांचा असे.

या क्रमांकातून काय कळते आणि काय कळत नाही, हे उत्पादकानुसार बदलते. १९६९ च्या व्ही-८ इंजिनाच्या बंद छताच्या कमारोचा क्रमांक १२४३७९एन असा सुरू होतो. त्यातील १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ कमारो, ३७ म्हणजे दोन दारांची बॉडी, ९ म्हणजे १९६९ हे मॉडेल वर्ष आणि एन म्हणजे ओहायो राज्यातील नॉरवूड येथील कारखाना. त्यापुढील सहा अंक गाडीचा अनुक्रम दाखवतात. गाडीत कोणते व्ही-८ इंजिन होते, किंवा ती झेड/२८ होती की नाही, याचा या क्रमांकात कोठेही उल्लेख नाही. जनरल मोटर्सच्या प्रवासी गाड्यांच्या क्रमांकात इंजिनाचा संकेत १९७२ पासून आला.

याउलट फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन दर्शवते. १९७१ च्या प्लिमथ कुडाचा क्रमांक बीएस२३आर१बी असा सुरू होत असेल, तर त्यातील आर हे अक्षर ४२६ घन इंचाच्या हेमी इंजिनाचे आहे. १९६८ आणि १९६९ मध्ये याच इंजिनासाठी जे हे अक्षर वापरले जाई. फोर्ड मस्टँगमध्ये १९६९ च्या ९एफ०२झेड या सुरुवातीतील झेड हे बॉस ४२९ इंजिनाचे अक्षर होय. यामुळे या दोन उत्पादकांच्या गाडीत मोठे इंजिन बसवून ती मूळचीच असल्याचे भासवायचे तर ओळख क्रमांकातच फेरफार करावा लागतो, आणि तो गंभीर गुन्हा आहे.

बॉडीवरील पट्ट्या

ओळख क्रमांकाव्यतिरिक्त गाडीच्या बॉडीवर आणखी एक लहान धातूची पट्टी असे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती बॉनेटखाली, इंजिन आणि प्रवासी कक्ष यांच्यामधील पत्र्यावर असते. तिच्यावर बॉडीचा प्रकार, रंग, आसनांचे आच्छादन आणि बांधणीचा आठवडा दिलेला असतो. ०४सी असा संकेत असेल, तर बांधणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील समजली जाते. नॉरवूड कारखान्यातील १९६९ च्या बऱ्याच कमारोंच्या पट्टीवर एक्स या अक्षराने सुरू होणारा संकेतही आढळतो. त्यांपैकी एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे निदर्शक आहेत. कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस कारखान्याच्या गाड्यांवर मात्र हा संकेत नसतो. त्यामुळे तेथील गाडीबाबत संकेत नसणे हा विरोधी पुरावा ठरत नाही.

क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या मडगार्डच्या आतील पत्र्यावर बसवलेली पट्टी अधिक तपशीलवार असते. ती खालच्या ओळीपासून वर वाचली जाते. १९७० च्या पट्टीवर ई७४ म्हणजे हेमी इंजिन, डी२१ म्हणजे चार गतींचा हाताने चालवायचा गिअरबॉक्स आणि एन९६ म्हणजे बॉनेटमधून थेट हवा घेणारी व्यवस्था. फोर्डच्या गाड्यांत ही माहिती चालकाच्या दारावरील पट्टीत मिळते. १९६९ च्या मस्टँगमध्ये मॅक १ ही आवृत्ती ओळख क्रमांकातून कळत नाही, पण दारावरील पट्टीवरील ६३सी या बॉडी संकेतातून कळते.

इंजिन व इतर भागांवरील खुणा

इंजिनावर दोन प्रकारच्या खुणा असतात. पहिली खूण लोखंड ओतताना साच्यातूनच उमटते. तीत ओतकामाचा भाग क्रमांक आणि तारीख असते. दुसरी खूण इंजिन जुळवल्यानंतर ठोकून उमटवली जाते. शेवरलेच्या व्ही-८ इंजिनात ठोकलेली खूण उजव्या सिलिंडर हेडच्या पुढील सपाट जागेवर असते. व्ही०४०८डीझेड या खुणेतील व्ही म्हणजे फ्लिंट येथील इंजिन कारखाना, ०४०८ म्हणजे ८ एप्रिल आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चे ३०२ घन इंचाचे इंजिन. १९६८ पासून जनरल मोटर्सने गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भागही इंजिन आणि गिअरबॉक्सवर उमटवण्यास सुरुवात केली. त्यामुळे विशिष्ट इंजिन विशिष्ट गाडीशी जोडता येऊ लागले.

केवळ भाग क्रमांकावर विसंबणे धोक्याचे असते. शेवरलेचा ३९७००१० हा भाग क्रमांक १९६९ च्या ३०२ घन इंचाच्या काही इंजिनांवर आढळतो, तसाच तो १९७० च्या दशकात मोठ्या संख्येने बनलेल्या ३५० घन इंचाच्या सामान्य इंजिनांवरही आढळतो. ओतकामाच्या तारखेत वर्षाचा केवळ शेवटचा अंक असतो. म्हणून ९ हा अंक पाहून १९६९ की १९७९ हे सांगता येत नाही. गिअरबॉक्स, मागील अ‍ॅक्सल, कार्ब्युरेटर, वितरक आणि अल्टरनेटर यांवरही भाग क्रमांक व तारखा असतात आणि त्याही तपासल्या जातात.

तारखांचा क्रम

वेगवेगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे तारखांचा क्रम लावणे. आधी इंजिनाचा ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळवले जाते, ते गाडीच्या कारखान्यात पोहोचते आणि शेवटी गाडी तयार होते. उदाहरणादाखल, एप्रिल १९६९ च्या तिसऱ्या आठवड्यात बांधलेल्या कमारोचा विचार करता येईल. तिच्या इंजिनावर सी२५९ अशी ओतकामाची तारीख असेल, तर सी म्हणजे मार्च, २५ म्हणजे दिवस आणि ९ म्हणजे वर्ष. जुळवणीची तारीख ८ एप्रिल असेल, तर हा क्रम सुसंगत ठरतो. त्याच इंजिनावर १९एन या सुरुवातीनंतर गाडीचाच सहा अंकी अनुक्रम असेल, तर पुरावा आणखी बळकट होतो. ओतकामाची तारीख मे महिन्यातील निघाली, तर ते इंजिन त्या गाडीत कारखान्यात बसवले जाणे अशक्य आहे, मग बाकीचे शिक्के कितीही व्यवस्थित दिसोत.

पर्यायांची परस्पर सुसंगती हीही एक कसोटी आहे. पाच लिटरपर्यंतच्या इंजिनांसाठी असलेल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत भाग घेता यावा म्हणून झेड/२८ तयार करण्यात आली. १९६७ ते १९६९ या काळात ती केवळ चार गतींच्या हाताने चालवायच्या गिअरबॉक्ससह मिळत असे आणि तिच्यात वातानुकूलन घेता येत नसे. त्या वर्षांतील एखाद्या झेड/२८ मध्ये कारखान्याचे वातानुकूलन असल्याचा दावा केला जात असेल, तर वातानुकूलन आणि झेड/२८ यांपैकी एक गोष्ट नंतरची असते.

कागदपत्रे

कारखान्यात प्रत्येक गाडीसोबत बांधणीचा तपशील असलेला छापील कागद फिरत असे. कोणत्या गाडीत कोणते भाग बसवायचे, हे कामगार त्यावरून पाहत. काम संपल्यावर हा कागद अनेकदा गाडीतच राही. तो मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली किंवा इंधन टाकीवर सापडतो. शेवरले कॉर्व्हेटमध्ये १९६७ पासून तो टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेला असे. मात्र घाईत दुसऱ्याच गाडीचा कागद आसनात राहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून कागदावरील ओळख क्रमांक तपासणे आवश्यक असते.

विक्रीच्या वेळी काचेवर चिकटवलेले किमतीचे पत्रक, विक्रेत्याची पावती आणि हमी पुस्तिका हीही महत्त्वाची साधने आहेत. शेवरलेच्या १९६५ ते १९७२ च्या गाड्यांच्या हमी पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी बसवलेली असे. तिच्यावर ओळख क्रमांक, इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांचे संकेत उठावाने उमटवलेले असत.

उत्पादकनिहाय अभिलेख

मूळ अभिलेख किती टिकले, यावर पडताळणीची सोय अवलंबून असते.

पॉन्टिॲक : या गाड्यांच्या मूळ विक्री नोंदी सूक्ष्मपटावर टिकून आहेत. त्यांच्या आधारे पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था १९६१ पासूनच्या गाड्यांचे पर्याय सांगणारी कागदपत्रे देते. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओसाठी ही सोय विशेष मोलाची आहे. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे त्या वेळचे धोरण होते. ते टाळण्यासाठी जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न करता लेमान्स या गाडीवरील पर्याय म्हणून आणण्यात आले. परिणामी त्या दोन वर्षांच्या ओळख क्रमांकात जीटीओचा उल्लेखच नाही. १९६६ मध्ये ती स्वतंत्र मालिका झाली आणि तिचा क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला.

फोर्ड : १९६७ पासूनच्या गाड्यांची उत्पादन माहिती फोर्डच्या परवान्याने मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीकडे उपलब्ध आहे. ओळख क्रमांक दिल्यास गाडीचे पर्याय, बांधणीची तारीख आणि मूळ विक्रेता यांचा अहवाल मिळतो. संग्राहकांत तो मार्टी अहवाल या नावाने ओळखला जातो.

क्रायस्लर : १९६७ आणि त्यापूर्वीच्या गाड्यांच्या बांधणी नोंदी कंपनीच्या इतिहास विभागाने जपल्या. मसल कारच्या भरभराटीच्या १९६८ नंतरच्या वर्षांसाठी मात्र तशा नोंदी नाहीत. तेथे मडगार्डवरील पट्टी आणि बांधणीचा कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

शेवरले : अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या पर्यायांचा सर्वसमावेशक अभिलेख उपलब्ध नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही संस्था गाडी कोणत्या विक्रेत्याकडे पाठवली गेली याचा अहवाल देते, पण त्यात पर्यायांची माहिती नसते. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी मात्र जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेने सांभाळल्या. त्यामुळे मूळची कॅनडात विकली गेलेली शेवरले गाडी सिद्ध करणे तुलनेने सोपे जाते.

बनावट व नक्कल

साध्या गाडीला दुर्मीळ आवृत्तीचे भाग बसवून तिच्यासारखी गाडी तयार करणे हा गुन्हा नाही. अशी गाडी नक्कल म्हणून उघडपणे विकली जाते आणि तिला स्वतःचा ग्राहकवर्ग आहे. ती मूळची म्हणून विकली गेली की फसवणूक होते.

फसवणुकीचा सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे इंजिनावरील शिक्का बदलणे. जुनी खूण घासून त्या जागी हवी ती अक्षरे ठोकली जातात. अशा वेळी जाणकार अक्षरांपेक्षा त्यांखालील पृष्ठभाग अधिक बारकाईने पाहतात. कारखान्यातील यंत्राने ब्लॉकचा माथा सपाट करताना त्यावर समांतर, बारीक रेघा उमटतात. घासलेल्या जागेवर त्या नाहीशा होतात किंवा त्यांची दिशा बदलते. तथापि इंजिनाच्या प्रामाणिक दुरुस्तीतही ब्लॉकचा माथा घासला जातो आणि खूण पुसली जाते. म्हणून खूण नसणे एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही.

बॉडीवरील पट्ट्या, हमी पुस्तिकेतील धातूची पट्टी आणि बांधणीचे कागद यांच्या नव्या प्रतिकृतीही बनवल्या जातात. नव्या कागदाला जुनाट रूप देता येते. ओळख क्रमांकाची पट्टी बसवण्यासाठी कारखान्यात वापरलेले फुलाच्या आकाराचे रिव्हेट, पट्टीभोवतीचा रंग आणि अक्षरांची घडण यांवरून संशय पक्का करता येतो. बॉडीच्या झाकलेल्या भागांवर उमटवलेला ओळख क्रमांकाचा अंश पट्टीशी पडताळून पाहणे अधिक खात्रीचे असते.

१९६९ च्या कमारोवरील चारही चाकांचे डिस्क ब्रेक हे सुट्या पर्यायाचे बोलके उदाहरण आहे. जेएल८ या संकेतांकाचा हा पर्याय केवळ २०६ गाड्यांवर दिला गेला. हे ब्रेक कोणत्याही कमारोला बसवता येतात आणि त्यांचा उल्लेख ओळख क्रमांकात किंवा बॉडीच्या पट्टीवर नसतो. त्यामुळे कागदपत्रांशिवाय असा दावा केवळ शक्यतेच्या पातळीवर राहतो.

कायदेशीर बाजू

भारतात वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर चासिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक दोन्ही असतात. अमेरिकेत या काळातील गाड्यांच्या मालकीपत्रावर सर्वसाधारणपणे केवळ वाहन ओळख क्रमांक असतो. त्यामुळे इंजिन बदलल्याची नोंद सरकारी कागदांत सापडत नाही.

ओळख क्रमांक जाणीवपूर्वक काढणे किंवा बदलणे हा १९८४ च्या कायद्यानुसार अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. हा नियम चोरीच्या गाड्यांना आळा घालण्यासाठी असला, तरी जुन्या गाड्यांच्या प्रामाणिक मालकांनाही त्याची झळ बसली आहे. कॅन्सस राज्यात २०१७ मध्ये १९५९ ची एक कॉर्व्हेट पोलिसांनी ताब्यात घेतली. पुनर्बांधणी करताना तिच्या ओळख क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवली गेली होती. तत्कालीन कायद्यानुसार ती गाडी नष्ट होण्याचा धोका निर्माण झाला. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने पुनर्बांधणीसाठी पट्टी काढण्यास मुभा देणारी दुरुस्ती केली.

जुळणारे क्रमांक ही संज्ञा

विक्रीच्या जाहिरातींत 'नंबर्स मॅचिंग' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. त्याची सर्वमान्य व्याख्या नाही. काटेकोर अर्थाने इंजिन आणि गिअरबॉक्सवर त्याच गाडीचा ओळख क्रमांक असणे अपेक्षित असते. काही विक्रेते मात्र योग्य प्रकारचे आणि योग्य तारखेचे, परंतु दुसऱ्या गाडीचे इंजिन असले तरी हाच शब्द वापरतात. १९६८ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनावर गाडीचा क्रमांकच नसल्याने तेथे केवळ संकेत आणि तारखा जुळतात, एवढेच म्हणता येते. म्हणून 'मूळ इंजिन', 'तारखेस अनुरूप इंजिन' आणि 'बदली इंजिन' असा भेद करणे अधिक अचूक मानले जाते.

मर्यादा

कोणताही एक पुरावा स्वतःहून पुरेसा नसतो. ओळख क्रमांक बहुतेक पर्यायांबद्दल मौन असतो, शिक्के बदलता येतात, कागद हरवतात किंवा नवे छापता येतात. कारखान्यांतही चुका होत. एखादा भाग संपला की दुसरा बसवला जाई आणि मॉडेल वर्षाच्या शेवटी नियमांत अपवाद घडत. त्यामुळे एखादी विसंगती आढळली म्हणून गाडी खोटी ठरत नाही आणि सर्व खुणा जुळल्या म्हणून ती निःसंशय खरीही ठरत नाही. परस्परांवर अवलंबून नसलेले पुरावे जितके अधिक आणि जितके एकमेकांशी सुसंगत, तितका निष्कर्ष विश्वसनीय होतो. कारखान्याचा अभिलेख, गाडीवरील अस्पर्शित खुणा आणि पहिल्या मालकापासूनचा अखंड मालकी इतिहास हे तिन्ही एकत्र मिळाल्यास दावा सर्वांत भक्कम समजला जातो. पुनर्बांधणीपूर्वी गाडीची, तिच्यावरील खुणांची आणि सापडलेल्या कागदांची छायाचित्रे काढून ठेवण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो, कारण एकदा घासलेली किंवा रंगाखाली गेलेली खूण परत मिळत नाही.